अलंकारार्थे अक्षता

"मामा, तुझ्या वाड्यात वृंदावन नाहीये. तिथे लाल अक्षरांत 'एरर' उभा आहे."

भाच्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि मी दुसऱ्या दिवशीच्या वास्तुशांतीच्या सामानाची यादी तपासत होतो. वाडा पाडून दहा वर्षं होऊन गेली. आधी वाटलं, पोरगं झोपेत बोलतंय. मग आठवलं, दिवाळीला आला होता तेव्हा माझ्या जुन्या पेटीतला पेन ड्राइव्ह तो घेऊन गेला होता.

मी वाईचा, भिक्षुकी करतो. पण २००६ ते २००९ अशी तीन वर्षं मी रात्री मावसभावाच्या नेट कॅफेत गल्ल्यावर बसत असे. दिवसा सत्यनारायण, रात्री काउंटर-स्ट्राइक. सकाळी डोळे तांबारलेले असायचे आणि यजमानांना वाटायचं, गुरुजींनी रात्रभर जप केलाय. पोरं बहुतेक जुनं १.६ खेळत. दोन मशिनांना बरी ग्राफिक्स कार्डं होती, त्यांवर २००४ सालचं 'काउंटर-स्ट्राइक: सोर्स' चाले. त्या खेळाबरोबर नकाशे बनवायचं हॅमर नावाचं साधन मिळायचं. बेन मॉरिस नावाच्या माणसाने ते मुळात 'क्वेक'साठी वर्ल्डक्राफ्ट या नावाने केलं होतं, पुढे व्हॉल्व कंपनीने घेतलं. मला ते सापडलं आणि माझी झोप गेली ती गेलीच.

२००७च्या पावसाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं. मी आमचा वाडा बांधायला घेतला. टेप घेऊन ओसरी मोजली, चौक मोजला, जिना मोजला. अप्पांना वाटलं, नगरपालिकेत काही अर्ज करायचा असेल. हॅमरमध्ये सोळा एककांचा एक फूट धरतात. त्या हिशेबाने सगळं जसंच्या तसं उभं केलं. माजघराचं दार इतकं ठेंगणं झालं की खेळाडूला वाकून आत जावं लागे. कॅफेतली पोरं तक्रार करायची. मी सांगायचो, पाहुणे गेली दीडशे वर्षं वाकूनच येतायत. बॉम्ब ठेवायच्या दोन जागा लागतात, त्या माजघरात आणि गोठ्यात दिल्या. आईला कुणीतरी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "देवघरात नको हं." म्हणून देवघराचं दार बंद ठेवलं. त्या दारामागे खोलीच केली नाही. दार म्हणजे भिंतीवर चिकटवलेलं चित्र.

वृंदावन मात्र मन लावून केलं. खऱ्या वृंदावनाचे चारही बाजूंनी फोटो काढले, एक्सएसआय मॉड टूल नावाच्या फुकटच्या साधनात आकार घडवला, त्यावर ते फोटो चढवले. चुन्याचे पोपडे, गेरूचा हात, एका कोपऱ्याचा उडालेला टवका, सगळं आलं. पोरं त्याच्या आडून गोळ्या झाडायची. एकदा अप्पा डबा घेऊन कॅफेत आले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. एक पोरगा बंदूक रोखून वृंदावनाभोवती फिरत होता. अप्पा मला हळूच म्हणाले, "उलटी प्रदक्षिणा घालतोय रे तो."

तर ते वृंदावन आता हरवलं होतं, आणि हरवलं ते माझ्याच चुकीने. ही चूक नकाशे करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते. सोर्स इंजिनात नकाशा तयार झाला की त्याची बीएसपी नावाची एक फाइल होते. भिंती, जमिनी, प्रकाश हे सगळं तिच्यात असतं. मांडलेल्या वस्तू मात्र नसतात. वस्तूच्या फाइली वेगळ्या: आकाराची एमडीएल, तिच्या जोडीला व्हीव्हीडी आणि व्हीटीएक्स, टकरीसाठी पीएचवाय, शिवाय रंगरूपाच्या व्हीएमटी आणि व्हीटीएफ. त्या खेळाच्या फोल्डरमध्ये असतात. नकाशा दुसऱ्याला द्यायचा तर या सगळ्या फाइली बीएसपीच्या पोटात भराव्या लागतात. त्यासाठी बीएसपीझिप नावाचं साधन सोबतच मिळतं. मी ते केलं नाही. करायची गरजच भासली नाही, कारण माझ्या मशिनवर सगळं दिसत होतं.

वस्तू ज्याच्याकडे असते त्यालाच ती नकाशात नाही हे दिसत नाही. कॅफेतल्या त्या दोन मशिनांवर मी फोल्डरच्या फोल्डर उतरवले होते, म्हणून तिथेही नकाशा भरलेला दिसे. पुढे कॅफे बंद झालं, हार्ड डिस्क भंगारात गेल्या, आणि पेन ड्राइव्हवर राहिली एकटी बीएसपी. भाच्याने ती 'गॅरीज मॉड'मध्ये उघडली. पिंपं, खोकी, दोरखंड दिसले, कारण ते मूळ खेळाचे आणि तो खेळ त्याच्याकडे होता. जे माझं स्वतःचं, तेवढंच गेलं होतं.

इंजिनाला वस्तूची फाइल सापडली नाही की ते थांबत नाही. त्या जागी लाल रंगात इंग्रजी 'एरर' हा शब्दच वस्तू म्हणून उभा करतं. नुसतं रंगरूप सापडलं नाही तर वस्तूचा आकार राहतो, पण त्यावर जांभळ्या-काळ्या चौकटी येतात, बुद्धिबळाच्या पटासारख्या. हा प्रकार मला पहिल्यापासून आवडायचा. बिचारं यंत्र, पण 'नाही' दाखवायला त्याला काहीतरी उभं करावं लागतं.

अप्पांनी मला तर्कसंग्रह शिकवला तो ओसरीवर, वृंदावनासमोर बसवून. अन्नंभट्टाने सात पदार्थ सांगितले, त्यातला सातवा अभाव. कणादाच्या परंपरेत आधी सहाच मोजत, हा मागाहून रांगेत आला. संथा पाठ झाल्यावर अप्पांनी समोरच्या फरशीकडे बोट दाखवून विचारलं, "तिथे घडा आहे?" मी म्हटलं, नाही. "कशावरून?" दिसत नाही. "दिसतंय काय?" फरशी. "मग फरशी दिसते एवढंच म्हण. 'नाही' हे कुठून आणलंस?"

मी अकरा वर्षांचा होतो. मला वाटलं, अप्पा खोड्या काढतायत. पण या एका 'नाही'वरून आपल्याकडे शतकानुशतकं भांडणं झाली आहेत. प्रभाकराचे मीमांसक म्हणतात, अभाव म्हणून वेगळं काही नसतंच. नुसती जमीन दिसते, बस. कुमारिल भट्ट म्हणतो, अभाव आहे, पण तो डोळ्यांनी कळत नाही. डोळे जमीन दाखवतात, आणि घडा न आढळणं हे स्वतःच एक प्रमाण, त्याचं नाव अनुपलब्धी. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला? घड्याचा अभाव हा त्या जमिनीचं विशेषण होऊन डोळ्यांनाच दिसतो. तिघांच्याही बाजूने अप्पा तितक्याच हिरिरीने बोलत. ऐकणाऱ्याला कळत नसे की यांचं स्वतःचं मत काय.

दोन गोष्टींवर मात्र ते ठाम असत. एक, अभाव नेहमी कशाचा तरी असतो. नुसता अभाव म्हणून काही नाही. ज्याचा अभाव तो त्याचा प्रतियोगी, आणि प्रतियोगी ठाऊक नसेल तर अभाव कळणारच नाही. दुसरी गोष्ट योग्यतेची. असती तर दिसली असती, अशाच वस्तूचं न दिसणं पुरावा म्हणून चालतं. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं ठरत नाही, आणि पिशाच तर उजेडातही दिसत नाही, तेव्हा खांबावर ते नाही हे नुसत्या न दिसण्यावरून सांगता येत नाही.

भाच्याने मोबाइल लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून मला चौक दाखवला. लाल एरर तिथे उभा होता. आणि त्याच्या शेजारी जमिनीवर वृंदावनाची सावली पडलेली होती.

हे मी विसरून गेलो होतो. नकाशा तयार करताना व्ह्रॅड नावाचं साधन प्रकाशाचा हिशेब करतं. सूर्य कुठून येतो, काय आडवं आलं, कुठे सावली पडली, हे सगळं आधीच मोजून जमिनीवर कायमचं रंगवून टाकतं. ती सावली बीएसपीच्या पोटात जाते. वस्तू हरवली तरी ती जात नाही. २००७च्या पावसाळ्यात खऱ्या चौकात ऊन नव्हतंच. हे सगळं ऊन मी हॅमरमध्ये आकडे घालून आणलेलं. आणि आता वस्तू नाही, वस्तू ज्याची नक्कल होती तेही नाही, पण सावली त्या जागी लख्ख.

प्रभाकराच्या मताने मला इथे चालता येईना. नुसती जमीन दिसते म्हणे! या जमिनीवर एक आकार होता, टोकाला तुळशीच्या झुबक्याचा पसरट डाग होता, आणि त्याला सावली म्हणायचं तर ती कुणाचीतरी असायला हवी. एखादा प्राभाकर म्हणेल की सावलीही जमिनीवरचा रंगच. म्हणू दे. त्याने कधी जीर्णोद्धाराचं काम अंगावर घेतलेलं नसणार.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांती उरकून मी दुपारीच पुण्याची एसटी धरली.

भाचा कॉम्प्युटर शिकतोय, हात चलाख आहे. त्याने बीएसपी उघडून आतल्या याद्या काढल्या. मांडलेल्या स्थिर वस्तूंसाठी त्यात एक विभाग असतो. आधी नावांची यादी, प्रत्येक नावाला १२८ अक्षरांची जागा. मग एकेका वस्तूची नोंद: यादीतलं कितवं नाव, कुठे उभी, कोणत्या दिशेला तोंड. आमच्या नोंदीत सगळं शाबूत होतं. नाव होतं: मॉडेल्स, वाडा, वृंदावन. स्थान होतं. तोंड पूर्वेला होतं. रूप तेवढं नव्हतं.

वेदान्तात नामरूप हा एकच शब्द असल्यासारखा आपण बोलतो. मी स्वतः किती प्रवचनांत तो एका श्वासात उच्चारलाय. इथे पहिल्यांदा दोघांची फारकत झालेली पाहिली. नाव जागेवर उभं राहून हाक मारत होतं आणि रूप ओ देत नव्हतं. अप्पांचा प्रतियोगी म्हणजे हाच: अभाव निनावी नसतो. हे नाव यादीतून खोडलं असतं तर एररही गेला असता, आणि चौक मोकळा, स्वच्छ दिसला असता. भाच्याने तेही सुचवलं. "खोडून टाकू का? कुणाला कळणार नाही."

कुणाला कळणार नाही हे खरं होतं. म्हणूनच नको म्हटलं.

मग तो म्हणाला, आयता एखादा आकार उतरवून घेऊ. नेटवर शोधलं. तुळशीवृंदावन मिळालं नाही, पण एक दगडी कारंजं मिळालं, साधारण तेवढंच, चौकोनी, वर कुंडी. फाइलचं नाव बदलून 'वृंदावन' केलं आणि त्या फोल्डरमध्ये ठेवलं की नकाशाला काय समजतंय? तो नावाने हाक मारतो, जो ओ देईल तो उभा राहतो. त्याने तसं करून दाखवलंही. नुसतं फाइलचं नाव बदलून भागेना. आकाराच्या आत रंगरूपाच्या फोल्डरचा पत्ता कोरलेला असतो, तो जुळला नाही म्हणून कारंजं जांभळ्या-काळ्या चौकटी पांघरून उभं राहिलं. मला हसू आलं. भाचा वैतागला.

ही खटपट पाहताना मला जैमिनी आठवत होता. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञाला लागणारी वस्तू मिळाली नाही तर काय करायचं? कर्म सोडायचं का? जैमिनी म्हणतो, सोडायचं नाही, दुसरी घ्यायची. व्रीही, म्हणजे भाताचे दाणे, नसतील तर नीवार घ्या, रानातलं देवभात. पण नीवार हे नीवार म्हणून घ्यायचे नाहीत. व्रीहींच्या अंगी जे आहे त्यातलं नीवारात जेवढं सापडतं, तेवढ्यासाठी ते घ्यायचे. हात नीवारात, मन व्रीहीत. आणि वरवर सारखी दिसणारी प्रत्येक वस्तू चालत नाही. माष, वरक, कोद्रव ही धान्यं यज्ञाला अयोग्य, म्हणून प्रतिनिधी म्हणूनही अयोग्य. आमचं कारंजं मला कोद्रवाच्या जातीचं वाटलं. आकार जुळत होता, पण त्याच्यासमोर सांजवेळी कुणी हात जोडलेले नव्हते.

हे सगळं पोथीतलं झालं. पण प्रतिनिधी मी रोज वापरतो, आणि त्याला इतका सरावलोय की त्यात काही विचार आहे हेच विसरून जातो. कोणत्याही घरी षोडशोपचार पूजा सांगताना वस्त्र नसतं, जानवं नसतं, दागिने तर नसतातच. मी म्हणतो, "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि," आणि यजमान चार दाणे वाहतात. पुढे "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि," पुन्हा चार दाणे. कुंकू लावलेल्या तांदळाचे तेच दाणे एकदा धोतर होतात, एकदा हार होतात. एका यजमानाच्या लहान मुलीने मला विचारलं होतं, "गुरुजी, देवाला फसवताय?" मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

आज उत्तर देता येईल असं वाटतं. 'अर्थे' या शब्दात सगळं आहे. अक्षता वाहताना मी हे वस्त्र आहे असं म्हणत नाही. वस्त्राचं नाव मोठ्याने घेतो, ते नाही हे कबूल करतो, आणि त्याच्यासाठी म्हणून दुसरं काही ठेवतो. नाव झाकून अक्षता वाहिल्या असत्या तर ती फसवणूक झाली असती. लाल एररमध्ये निम्मं हेच आहे, नुसती कबुली. 'अर्थे' म्हणून काही ठेवलेलं नाही. आणि नाव बदललेल्या कारंज्यात उलट गोष्ट, ठेवलंय पण कबुली नाही.

सुपारीचा गणपती वेगळा, हेही सांगून टाकतो, कारण लोक दोन्ही एकात घालतात. जैमिनीने काही गोष्टींना प्रतिनिधी साफ नाकारलाय: देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया. यजमानालाही नाही. सुपारी गणपतीची बदली नव्हे; तिच्यावर गणपतीला बोलावतात. तो आला तर तोच आला, नाहीतर सुपारी.

क्रियेला प्रतिनिधी नाही, हे वाक्य मात्र आमच्या आईने मोडलंय. वाडा गेला, त्या जागी चार मजली इमारत झाली, आम्हाला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. खरं वृंदावन हलवायचं असं बिल्डरशी तोंडी ठरलं होतं. पाडापाडीत त्याचे चिरे निखळले, आणि आम्ही पोचेपर्यंत ते राडारोड्याच्या ट्रॅक्टरमधून गेलेही होते. आता तुळस गॅलरीत आहे, प्लॅस्टिकच्या कुंडीत, कुंडी ग्रिलला टेकलेली. भोवती फिरायला जागा नाही. आई दिवा लावते आणि जागच्या जागी स्वतःभोवती फिरते. आत्मप्रदक्षिणा म्हणतात तिला, पूजेतही ती असते, जागा नसली की आम्हीच सांगतो. पण पंचाहत्तरीची बाई गुडघे दुखत असताना ग्रिलला धरून फिरते तेव्हा मला जैमिनीला विचारावंसं वाटतं, हिच्यात क्रिया बदलली की नाही बदलली? तुळस मध्ये आणि माणूस भोवती, त्याऐवजी माणूसच मध्ये आणि माणूसच भोवती. मला याचं उत्तर सुचलेलं नाही. तिला प्रश्नच पडलेला नाही.

आणखी एक जागा आठवते. यजमानांच्या सहलीबरोबर एकदा हंपीला गेलो होतो. तिथलं विठ्ठल मंदिर म्हणजे दगडी रथासाठी लोक बघायला येतात ते. रथाचे फोटो काढून झाले की मंडळी परत फिरतात. आम्ही आत गेलो. गाभारा रिकामा आहे. वारकरी परंपरा सांगते, पंढरपूरचा विठ्ठल कृष्णदेवरायाने विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. इतिहासाचे अभ्यासक त्यावर काय म्हणतात हा विषय निराळा. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना परंपरा पुरेशी होती. त्या अंधाऱ्या चौकोनासमोर त्या गंभीर झाल्या नाहीत, उलट खूश दिसल्या. एकीने उंबऱ्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि म्हणाली, "गेला तो आमच्याकडं." मी मनात अभावाचे प्रकार मोजत बसलो होतो: घडायच्या आधीचा प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव, आणि हे ते नव्हे असा अन्योन्याभाव. पाहुणा आपल्या घरी पोचल्यावर पाहुण्याच्या खोलीत राहतो तो अभाव यातल्या कशात बसवायचा? तिथे काही दुरुस्त करायला नको होतं, एवढं मात्र मलाही कळलं.

आमच्या चौकातलं वृंदावन कुणाच्या घरी गेलेलं नव्हतं. ते प्रध्वंसाभावातलं. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही, असं तर्कसंग्रह सांगतो. म्हणजे नवं केलं तरी जुन्याचं नसणं संपणार नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतील. हे एकदा मान्य केल्यावर काम सोपं झालं. बदली करायची, पण 'अर्थे' करायची.

माझ्या मुंजीचा एक फोटो आईने अल्बममध्ये जपलाय. त्यात मी मुंडावळ्या बांधून रडतोय आणि माझ्या मागे वृंदावनाच्या दोन बाजू दिसतात. त्यावरून रंग मिळाला, टवका मिळाला. उंची मिळेना, कारण फोटोत पायथा माझ्या अप्पांच्या धोतरामागे गेलाय. तेव्हा भाच्याला सावली आठवली. नकाशातल्या सूर्याचा कोन बीएसपीतल्या नोंदीत असतो. मी तेव्हा ४५ अंश दिला होता, सरळ हिशेबासाठी. ४५ अंशांना सावली आणि उंची सारखी. त्याने चौकात सावली मोजली: ५६ एककं. म्हणजे साडेतीन फूट. सावलीची कड एरवी पुसट येते, सोळा एककांचे ठोकळे पडतात. पण चौकाच्या जमिनीला मी तेव्हा हौसेने चार एककांची बारीक वीण दिली होती. शिवाय वस्तूच्या मोघम ठोकळ्याऐवजी तिच्या खऱ्या आकाराची सावली पाडायचा पर्याय दिला होता. एका सावलीसाठी मशीन रात्रभर चालवलं म्हणून मावसभावाने तेव्हा शिव्या दिल्या होत्या, त्या वसूल झाल्या.

धुरावरून अग्नी हे अनुमानाचं उदाहरण मी शेकडो वेळा घोकलंय. सावलीवरून वृंदावन काढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

"मागच्या दोन बाजूंचं काय?" भाच्याने विचारलं. त्या कुठल्याच फोटोत नव्हत्या. मी काढलेले चार फोटो हार्ड डिस्कबरोबर गेले. मला आठवेना. वीस वर्षं ज्याच्यासमोर संथा म्हटली त्याची पाठ मला आठवत नव्हती. आईला फोन लावला. ती म्हणाली, "मागे काय असणार? चुना. तिकडून कोण बघतंय?" जरा थांबून म्हणाली, "पावसाळ्यात हिरवं यायचं." म्हणून मागच्या बाजू कोऱ्या ठेवल्या आणि खाली थोडं शेवाळ दिलं. फाइलीला जुनंच नाव दिलं, पत्ते जुळवले, आणि या वेळी सगळं बीएसपीच्या पोटात भरलं. रात्री दीडला चौक उघडला तेव्हा लाल अक्षरं गेली होती, आणि नवं वृंदावन जुन्या सावलीच्या बुडाशी उभं होतं. उंची जुळली होती. तुळस जुळली नव्हती; भाच्याने केलेला झुबका गोल होता, सावलीतला पसरट. ते मी तसंच राहू द्यायला सांगितलं.

पुढच्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन वाईला आला. आईने चष्मा पुसला, पडद्याजवळ खुर्ची ओढली. भाच्याने तिला दिंडी दरवाजातून आत नेलं, ओसरीवर नेलं, चौकात आणलं. ती बराच वेळ बघत राहिली. टवक्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "छान केलंस रे." मग म्हणाली, "दिवा कुठाय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. वृंदावनाच्या पुढच्या अंगाला दिवळी होती, तिच्यात दगडी पणती असायची. २००७ साली मी दिवळी केली, पणती केली नाही. दिवसाचा देखावा, ऊन पडलेलं, पणती कशाला? म्हणून नावांच्या त्या यादीत पणती कधी आलीच नव्हती, आणि नाव नाही तर एररही नाही. कॅफेत शेकडो पोरांनी त्या दिवळीसमोरून धावताना काही चुकलंय असं कधी म्हटलं नाही. मीही नाही. ती दिवळी इतकी वर्षं रिकामी होती आणि तिथे काही नाही हे दिसायला आई यावी लागली.

भाचा म्हणाला, "ठेवतो की. नुसती वस्तू ठेवायला पाच मिनिटं. पण आजी, उजेड नाही पडणार तिचा. उजेड जमिनीवर, तुळशीवर पडायला हवा तर सगळा प्रकाश पुन्हा मोजावा लागेल. ऊन, सावल्या, सगळं नव्याने रंगवलं जाईल."

मी विचारलं, "जुनी सावली?"

"जाईल. या नव्या वृंदावनाची येईल."

आई आमच्या बोलण्याकडे लक्ष देत नव्हती. ती अजून दिवळीकडे बघत होती. "उजेड नसलेला दिवा कशाला लावतात?" ती म्हणाली.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने आधी जुन्या फाइलची एक प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, फोल्डरला काय नाव देऊ म्हणून विचारलं, आणि मग व्ह्रॅड सुरू करून आम्ही जेवायला बसलो.